खडकानं घडवलेली गोगलगाय

स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा ही बेटं आहेत. तिथून आणखी सुमारे ३०० किलोमीटर पश्चिमेला गेलं की भर अटलांटिकमध्ये ग्रॅनाइटचा एक सुळका पाण्याबाहेर आलेला दिसतो. त्याचं नाव रॉकॉल. उंची सुमारे १७ मीटर, पायथ्याशी रुंदी पंचवीस-तीस मीटर. माती नाही, झाड नाही, गोडं पाणी नाही. हिवाळ्यातल्या वादळांत लाटा त्याच्या माथ्यावरून जातात. या सुळक्यावर एक गोगलगाय राहते. तिचं शास्त्रीय नाव लिटोरिना सॅक्साटिलिस.

ती तिथं कशी पोचली, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यानं शास्त्रज्ञांना बराच काळ छळलं. हिला पोहता येत नाही. हिची पिल्लंही पोहत नाहीत. आईच्या पोटातून बाहेर येतात ती थेट खडकावर रांगायला लागतात. याच कुळातली, युरोपच्या किनाऱ्यावर सर्रास सापडणारी दुसरी गोगलगाय म्हणजे लिटोरिना लिटोरिया. ती हजारो अंडी समुद्रात सोडते, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात. दूरच्या खडकावर वस्ती करायची तर ही दुसरी आधी पोचायला हवी होती. रॉकॉलवर मात्र ती नाही. स्वीडनच्या जीवशास्त्रज्ञ केर्स्टिन योहानेसन यांनी १९८८मध्ये या कोड्यावर एक शोधनिबंधच लिहिला, आणि त्याच्या मथळ्यात रॉकॉलचं नाव घातलं.

त्यांचं उत्तर असं. वाहत जाणारी अळी समुद्र ओलांडते खरी, पण अळ्या पांगतात. एकाकी खडकावर यदाकदाचित एखाददुसरी टेकली, तरी तिला जोडीदार मिळणार नाही. आणि मिळाला तरी त्यांची पुढची पिढी पुन्हा समुद्रात वाहून जाणार. याउलट सॅक्साटिलिसची एकच गाभण मादी समुद्रशेवाळाच्या एखाद्या तुटलेल्या झुबक्याला चिकटून तिथं पोचली, तर तेवढ्यानं काम होतं. तिच्या पोटात शेकडो पिल्लं असतात. ती सगळी त्याच खडकावर उतरतात आणि तिथंच वाढून एकमेकांशी जोड्या जमवतात. म्हणजे पोचायला अळी बरी, पण वस्ती टिकवायला आई लागते.

या प्रकरणाचा सगळा गाभा या एका गोष्टीत आहे. पिल्लं पोटात वाढवायची आणि आपल्याच खडकावर सोडायची, या सवयीमुळे या गोगलगायीच्या वाट्याला असं काही आलं आहे, जे समुद्रातल्या फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला येतं. तिच्या शरीरावर तिच्या खडकाची छाप उमटते, आणि ती उमटताना माणसाला आपल्या हयातीत पाहता येते.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. आकार जागेप्रमाणे बदलतो. मोठ्यांत मोठी दोनेक सेंटिमीटरची. लाटांच्या माऱ्यातल्या कातळावरची मटारच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान. खडकाला कायमचं चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी प्राण्याच्या रिकाम्या कवचांमध्ये राहणाऱ्या काही वस्त्यांत तर पूर्ण वाढलेल्या गोगलगायी पाच मिलिमीटरही भरत नाहीत. शंखाचा रंग राखाडी, तपकिरी, पिवळट, कधी पट्ट्यापट्ट्यांचा. खडकावर चढलेला शेवाळाचा आणि सूक्ष्म जिवांचा पातळ थर ती आपल्या दातेरी जिभेनं खरवडून खाते. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तिचा वावर आहे. पूर्वेकडे स्वालबार्डच्या थंडीपासून खाली जिब्राल्टरपर्यंत, पश्चिमेकडे ग्रीनलँडपासून अमेरिकेतल्या चेसापीकच्या उपसागरापर्यंत. शिवाय व्हेनिसच्या खाजणात आणि दक्षिण आफ्रिकेत तिच्या तुटक वस्त्या आहेत.

ती राहते भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, आणि त्यातही वरच्या अंगाला. ही जागा किती कठीण आहे, हे किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. भरतीला खारं पाणी अंगावरून जातं. ओहोटीला तोच खडक उघडा पडतो आणि उन्हात तापतो. मध्येच पाऊस आला तर गोड्या पाण्याची आंघोळ होते. उत्तरेकडे हिवाळ्यात खडकावर बर्फ धरतं. समुद्रातल्या प्राण्याला यातली एक गोष्ट मारायला पुरेशी असते, आणि जमिनीवरच्या प्राण्याला भरती. सॅक्साटिलिस हे सगळं सोसते ते दोन-तीन साध्या उपायांनी. तिच्या शंखाच्या तोंडावर घट्ट बसणारं झाकण असतं. कोरडं पडायची वेळ आली की ती पाय आत ओढते, झाकण लावते आणि आत थोडं पाणी कोंडून ठेवते. त्याआधी शंखाच्या कडेला ती चिकट स्राव सोडते. तो वाळला की शंख खडकाला डकवल्यासारखा बसतो, आणि धरून राहायला स्नायूंची ताकद खर्चावी लागत नाही. कल्ला ज्या पोकळीत असतो ती ओली राहिली, तर हवेतला प्राणवायूही तिला घेता येतो. आत शरीराचा व्यवहार मंदावतो. अशा अवस्थेत ती कित्येक दिवस पाण्याविना काढते, आणि लाटेचे तुषार आले की पुन्हा चरायला निघते.

कोकणात हरिहरेश्वरच्या किंवा मालवणच्या काळ्या कातळावर, भरतीच्या रेषेच्याही वर, फटींमध्ये दाटीनं बसलेले बारके शंख दिसतात. त्यांत याच कुळातल्या एकिनोलिटोरिना वंशाच्या गोगलगायी असतात. उन्हाशी झुंजण्यात त्या उत्तरेकडच्या बहिणीपेक्षा कितीतरी पुढे आहेत. पण त्यांची मादी अंडी समुद्रात सोडते. अळ्या पाण्याबरोबर जातात, वाढतात आणि जो किनारा मिळेल त्याला लागतात. त्यामुळे एका कातळावरच्या गोगलगायींचे आईबाप कोणत्या कातळावरचे, याला काही धरबंध नसतो. खडकानं एका पिढीत जे निवडलं ते पुढच्या पिढीत समुद्र ढवळून टाकतो. सॅक्साटिलिसच्या बाबतीत हे ढवळणं थांबलं आहे.

मादीच्या शरीरात अंडवाहिनीच्या टोकाशी एक पिशवी असते. अंडी घालणाऱ्या तिच्या नातलगांमध्ये हाच भाग अंड्यांभोवती जेलीचं वेष्टण तयार करतो. सॅक्साटिलिसमध्ये तो गर्भ सांभाळतो. एका वेळी शेकडो गर्भ, आणि तेही वेगवेगळ्या वाढीचे: काही नुसत्या पेशी, काही चिमुकला शंख चढवून बाहेर पडायच्या बेतात असलेले. जन्माला येणारं पिल्लू साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि दिसायला अगदी आईसारखं. बाहेर आल्यावरही त्याचं जग फार लांबरुंद होत नाही. खुणा करून सोडलेल्या गोगलगायी तीन महिन्यांनी शोधल्या, तर त्या जेमतेम काही मीटर सरकलेल्या सापडतात.

हा बदल फार जुना नाही. २०२४च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये शॉन स्टँकोव्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी सॅक्साटिलिसचा आणि तिच्या अंडी घालणाऱ्या जवळच्या नातलगांचा संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिला. त्यांतल्या लिटोरिना आर्कानाचा शंख सॅक्साटिलिसच्या शंखाशी इतका जुळतो, की मादी उघडून आत जेलीची ग्रंथी आहे की पिल्लांची पिशवी, हे पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही. पिल्लं घालण्याची ही रीत गेल्या सुमारे एक लाख वर्षांत आली, आणि तिच्याशी जनुकसंचातल्या सुमारे ५० जागांचा संबंध आहे, असं त्यांना आढळलं. हे बदल एकदम न होता हळूहळू जमत गेले असावेत. सस्तन प्राण्यांमध्ये पिल्लं घालण्याची सुरुवात कोट्यवधी वर्षांपूर्वी झाली, आणि तिच्या खुणा नंतरच्या असंख्य बदलांखाली गाडल्या गेल्या. इथं मात्र अंडी घालणारी आणि पिल्लं घालणारी एकाच किनाऱ्यावर शेजारी नांदतात. मातृत्वाच्या उगमाचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

त्या पिशवीतल्या पिल्लांच्या बापांची गोष्टही विलक्षण आहे. २०१०मध्ये चार माद्यांच्या पिल्लांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. एकेका मादीच्या पोटातल्या पिल्लांचे बाप १५ ते २३ निघाले. मधमाशांची राणी किंवा मुंग्यांसारखे सामाजिक कीटक सोडले, तर प्राणिजगात असे आकडे क्वचितच मिळतात. नर मादीच्या चिकट मागावरून तिचा माग काढतात. पण लिटोरिनाच्या इतर जातींचे नर मागावरून नर-मादी ओळखतात, तसं सॅक्साटिलिसच्या नरांना जमत नाही. संशोधकांच्या मते माद्यांनीच आपल्या स्रावातली ओळखीची खूण पुसून टाकली आहे. दाट वस्तीत प्रत्येक नराला टाळत बसणं मादीला महागात पडतं. तेवढ्या वेळात चरणं राहून जातं. खूण लपवल्यानं काही नर चुकतात, आणि उरलेल्यांना ती नाकारत बसत नाही. याचा एक मोठा परिणाम होतो. अशी एक मादी नव्या खडकावर गेली, तर ती डझनभराहून अधिक नरांचा वारसा बरोबर घेऊन जाते. एकटीनं वसवलेली वस्तीही त्यामुळे वारशानं दरिद्री राहत नाही.

आता खडकाच्या छापेकडे वळू.

१७९२मध्ये जुझेप्पे ओलिवी या तरुण इटालियन निसर्गअभ्यासकानं एड्रियाटिक समुद्रातल्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा या गोगलगायीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत संग्राहक आणि शास्त्रज्ञ तिला पुन्हा पुन्हा 'शोधत' राहिले. कुठं जाड शंखाची, कुठं पातळ, कुठं खरबरीत, कुठं गुळगुळीत, कुठं पट्टेवाली. दर वेळी नवी जात म्हणून नवं नाव. ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड रीड यांनी १९९६मध्ये या वंशाचा सविस्तर आढावा घेतला. त्यातून आणि पुढच्या कामातून स्पष्ट झालं, की शंभराहून अधिक नावं या एकाच जातीला दिली गेली आहेत. समुद्री प्राण्यांमध्ये हा उच्चांक मानला जातो. या नावं देणाऱ्यांना हसणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांनी पाहिलेले फरक खोटे नव्हते. एका खडकावरची गोगलगाय दुसऱ्या खडकावरच्या गोगलगायीपेक्षा खरोखरच वेगळी होती. त्या फरकाचं कारण शोधायचं राहिलं होतं, एवढंच.

ते कारण सगळ्यांत नीट उलगडलं स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर. नॉर्वेच्या सीमेजवळ स्ट्रोमस्टाड गाव आहे. तिथून जवळ, ट्यार्नो इथं गोथेनबर्ग विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे आणि समोर कोस्टरची बेटं. इथला समुद्र फारसा चढत-उतरत नाही. भरती-ओहोटीतला फरक फुटभर. त्यामुळे किनाऱ्याचं रूप ठरतं ते लाटांवरून. बेटाच्या आडोशाला गोट्या-धोंड्यांचा किनारा असतो, आणि काही पावलांवर उघड्या समुद्राला भिडलेला नितळ कातळ. धोंड्यांमध्ये खेकडे असतात. कातळावर लाटांमुळे खेकड्यांना टिकता येत नाही.

धोंड्यांमधली सॅक्साटिलिस मोठी असते. शंख जाड, तोंड अरुंद. खेकड्याच्या नांगीला जाड शंख फोडणं जड जातं आणि अरुंद तोंडातून आतलं मांस ओढता येत नाही. तिला बोट लावलं तर ती झाकण लावून घेते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. कातळावरची सॅक्साटिलिस लहान, पातळ शंखाची, रुंद तोंडाची. रुंद तोंडातून मोठा पाय बाहेर येतो आणि कातळ घट्ट धरतो. लहान अंग फटीत मावतं. तिला बोट लावलं तर ती लगेच पुन्हा बाहेर येते, कारण लाटेत पाय आत घेऊन बसणं म्हणजे वाहून जाणं. भित्रेपणा आणि धीटपणासुद्धा इथं खडकाप्रमाणे वाटले गेले आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला धोंड्यांवरच्या गोगलगायी कातळावर आणि कातळावरच्या धोंड्यांवर नेऊन सोडण्याचे प्रयोग झाले. आपापल्या जागच्या गोगलगायी जास्त टिकल्या. प्रयोगशाळेत एकाच तऱ्हेनं वाढवलेली पिल्लंही बऱ्याच अंशी आपापल्या आईसारखीच निघतात. म्हणजे फरक रक्तातला आहे.

१९८८च्या उन्हाळ्याच्या तोंडी या समुद्रात एक आपत्ती आली. एका विषारी सूक्ष्म शैवालाची प्रचंड वाढ झाली. नॉर्वेत शेतीतले सामन मासे मेले, आणि कोस्टरच्या आसपासच्या उघड्या खडकांवरच्या गोगलगायी नष्ट झाल्या. काही मीटर लांबीरुंदीचे, पाण्यातून डोकावणारे हे खडक. मोठ्या बेटांवर उंचावर बसलेल्या गोगलगायी वाचल्या, तर या बुटक्या खडकांवरच्यांना पळायला जागाच नव्हती. रिकाम्या झालेल्या खडकांकडे पाहून योहानेसन यांना एक प्रयोग सुचला. १९९२मध्ये त्यांनी जवळच्या बेटावरच्या धोंड्यांमधून सुमारे ७०० गोगलगायी उचलल्या. जाड शंखाच्या, मोठ्या, खेकड्यांच्या शेजारात घडलेल्या. त्या त्यांनी लाटांच्या माऱ्यातल्या एका रिकाम्या खडकावर सोडल्या. खेकडे तिथं नव्हतेच. पूर्वी त्या खडकावर लहान, पातळ शंखाच्या गोगलगायी राहत. आता या परक्या गोगलगायींचं काय होतं, ते बघायचं होतं.

मग वाट पाहणं आलं. ज्यांना संशोधन म्हणजे एखादा चमकदार क्षण वाटतो, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. वर्षामागून वर्षं त्या खडकावर जायचं, शंख मोजायचे, रंग आणि जाडी नोंदवायची, नमुने जपून ठेवायचे. १९९२मध्ये या नमुन्यांचा पूर्ण जनुकसंच वाचण्याचं तंत्रही हाताशी नव्हतं. ते येईपर्यंत नमुने आणि माणसं दोन्ही टिकली, हे या प्रयोगाचं मोठेपण आहे. सॅक्साटिलिसच्या वर्षात एक किंवा दोन पिढ्या होतात, त्यामुळे तीस वर्षांत कितीतरी पिढ्या झाल्या.

निष्कर्ष ऑक्टोबर २०२४मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आले. दिएगो गार्सिया कास्तियो, आन्या वेस्ट्राम, रुई फारिया, निक बार्टन, रॉजर बटलिन आणि योहानेसन यांच्यासह मोठा गट त्यात होता. आणून सोडलेल्या मोठ्या गोगलगायींचे वंशज लहान झाले होते. शंख पातळ झाला, त्याचा आकार आणि रंग बदलला. शंखातला बराचसा बदल पहिल्या दहाएक वर्षांतच दिसू लागला होता. शेवटी ते आजूबाजूच्या लाटांच्या खडकांवरच्या गोगलगायींसारखे, म्हणजेच आपत्तीपूर्वी त्या खडकावर राहणाऱ्यांसारखे दिसू लागले. संशोधकांनी आधीच्या माहितीवरून अंदाज मांडले होते. शंखाचे गुण आणि जनुकांचं प्रमाण बहुतांशी त्या अंदाजांच्या जवळपास आलं. उत्क्रांतीबद्दल आधी भाकीत करावं आणि ते खरं ठरावं, हे क्वचित घडतं.

इतक्या लवकर हे झालं कसं? नव्या उत्परिवर्तनांची वाट पाहायला तीस वर्षं पुरत नाहीत. लागणारी सामग्री आणलेल्या गोगलगायींमध्येच होती, विरळ प्रमाणात. धोंड्यांचा किनारा आणि कातळ एकमेकांना लागून असल्यानं, दोन्हीकडच्यांचा संकर अधूनमधून होतच असतो. कातळाला उपयोगी पडणारी जनुकं अशा रीतीनं धोंड्यांवरच्यांत झिरपलेली असतात. तिथं ती मागे पडून राहतात, कारण खेकडे त्यांच्या मालकांना खातात. नव्या खडकावर खेकडे नसल्यानं तीच जनुकं पुढे आली. थोडी भर शेजारच्या खडकांवरून वाहत आलेल्या गोगलगायींनीही घातली.

यात आणखी एक मेख आहे. बरीचशी उपयोगी जनुकं गुणसूत्रांच्या उलट्या झालेल्या तुकड्यांमध्ये आहेत. गुणसूत्राचा एखादा तुकडा कधीकाळी तुटून उलटा जोडला गेला, की उलटा आणि सुलटा तुकडा एकमेकांशी नीट देवाणघेवाण करू शकत नाहीत. त्यामुळे तुकड्यातली सगळी जनुकं एकत्र गठ्ठ्यानं पुढच्या पिढीत जातात. पातळ शंख, रुंद तोंड, धीट स्वभाव असे एकमेकांना साजेसे गुण संकरात विस्कटले, तर पिल्लाला धड धोंडे लाभत नाहीत आणि धड कातळही नाही. उलटे तुकडे हे विस्कटणं टाळतात. सॅक्साटिलिसमध्ये असे डझनाहून अधिक तुकडे सापडले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचं प्रमाण किनाऱ्यावर धोंड्यांकडून कातळाकडे जाताना बदलत जातं.

धोंड्यांच्या आणि कातळाच्या मध्ये काही मीटरांचा पट्टा असतो, आणि त्यात दोन्हींच्या मधल्या अंगलटीच्या संकरज गोगलगायी राहतात. तिथं दोन्ही तऱ्हेच्या गोगलगायी एकमेकांशी जोड्या करतात, तरी दोन्हीकडची टोकं वेगळीच राहतात. मग या दोन जाती आहेत की एकच? स्पेनच्या गॅलिसियात हाच प्रश्न उभ्या मांडणीत दिसतो. तिथं भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे. वरच्या पट्ट्यात बार्नॅकलमध्ये पट्टेवाली, खरबरीत, मोठी गोगलगाय, कारण खेकड्यांचा त्रास तिथं. खालच्या पट्ट्यात शिनाण्यांमध्ये गुळगुळीत आणि लहान, कारण लाटांचा मार तिथं. मध्ये दोन्ही भेटतात. व्हिगो विद्यापीठाचे एमिलिओ रोलान-आल्वारेझ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं या मधल्या पट्ट्यातल्या जोड्या तपासत आले आहेत. नर साधारण आपल्या मापाची मादी निवडतो, आणि मापं वेगळी असल्यानं मोठ्या बहुतेक मोठ्यांशी, लहान लहानांशी जुळतात. दुरावा पडतो आहे, पण तुटलेलं काही नाही. जनुकांवरून असं दिसतं, की स्वीडन, ब्रिटन आणि स्पेनमध्ये ही दोन रूपं बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे, तिथल्या तिथल्या वस्तीतून घडली आहेत. खेकडे आणि लाटा जिथं जिथं शेजारी आल्या, तिथं तिथं एकाच सामग्रीतून तोच दुहेरी आकार पुन्हा उभा राहिला.